मालक समोर हवा

खात्रीकाकांचं खरं नाव त्यांच्या ओळखपत्रावर होतं आणि ओळखपत्र ते कुणाला दाखवत नसत. त्यामुळे अर्ध्या शहराला ते खात्रीकाका म्हणूनच माहीत होते. धंदा कुलूप-किल्लीचा. एका तीनमजली इमारतीच्या जिन्याखाली, जिथे एरवी लोक मोडक्या खुर्च्या आणि नको असलेल्या सायकली टाकतात, तिथे त्यांची टपरी. पुढे एक फळी, फळीवर किल्ली घट्ट धरायचा शिकंजा, हाताशी चार-पाच कानशी, मागच्या भिंतीवर खिळ्यांना लटकलेल्या शेकडो कोऱ्या किल्ल्या. आणि वर, येणाऱ्याच्या बरोबर कपाळावर आदळेल अशा उंचीवर, एक पाटी: 'मालक समोर असल्याशिवाय कुलूप उघडले जाणार नाही. कृपया नाती सांगू नयेत.'

दुसरी ओळ त्यांनी अनुभवाने वाढवली होती. परक्याचं कुलूप उघडून घ्यायला आलेला माणूस आधी नातं सांगतो. मेव्हण्याचं दुकान आहे, सासऱ्यांची तिजोरी आहे, आत्याचं घर आहे. काका कानस खाली ठेवत, चष्म्यावरून बघत आणि म्हणत, "खात्री काय?" एकदा एक बाई नवऱ्याचं कपाट उघडून द्या म्हणून आली. रडकुंडीला आली होती बिचारी. काका म्हणाले, "नवरा तुमचा आहे, हे मान्य. कपाट कुणाचं आहे?" बाई तरातरा निघून गेली आणि दुसऱ्या दिवशी नवऱ्याला कॉलर धरून घेऊन आली. काकांनी अर्ध्या मिनिटात कपाट उघडून दिलं. आत काय निघालं ते काकांनी बघितलं नाही. मान वळवून उभं राहायचं, हाही त्यांचा नियमच होता.

माणूस वाईट नव्हता. पण शंकेखोर इतका, की पावसाचे चार थेंब अंगावर पडले तरी आधी वरच्या मजल्यावर कुणी कपडे वाळत घातलेत का ते बघेल. आणि धंद्यात हे शोभून दिसे. ज्याला कशाचाच संशय येत नाही अशा माणसाकडून कुलूप कोण घेईल?

आता त्या नंबरबद्दल सांगायला हवं, कारण सगळी भानगड त्याचीच. काका किल्ली घासून झाली की तिच्या माथ्यावर आकड्यांचे पोलादी ठसे ठेवून हातोडीने ठोकत. टक्, टक्, टक्, दहा वेळा. तो त्यांचा फोन नंबर. बावीस वर्षं, एकच नंबर, हजारो किल्ल्या. किल्ली रस्त्यात पडो, बसमध्ये राहो, तळ्याकाठी सापडो, ज्याला सापडेल तो माथ्यावरचा नंबर बघून फोन लावी. मग किल्ली हातात आली की काका तिचे दात बघून सांगत, ही त्या शिंप्याची, ही दवाखान्याच्या मागच्या दाराची. आणि कुणी घराबाहेर अडकलं, तर शेजाऱ्याच्या किल्लीवरून नंबर मिळे. रस्त्यावर दुकानाची पाटी नाही, जाहिरात नाही, दुकान रस्त्यावरून दिसतसुद्धा नाही. काकांचं पोट त्या दहा आकड्यांवर होतं.

आणि एक दिवस त्यांच्या बटणांच्या फोनवर, ज्याचं मागचं झाकण रबरबँडने बांधलेलं होतं, मेसेज आला: जुनं नेटवर्क पुढच्या महिन्याच्या पंधरा तारखेला बंद होत आहे. नवा फोन आणि नवं सिम घ्या, नाहीतर आपला नंबर बंद होईल.

काकांनी तो पुसून टाकला. दुसरा आला, तोही पुसला. "मला गंडवतायत," ते बायकोला म्हणाले. "आधी घाबरवायचं, मग कागद मागायचे." असे सहा मेसेज पुसून झाल्यावर कॉलेजात शिकणाऱ्या लेकीने वर्तमानपत्रातली जाहिरात त्यांच्यापुढे धरली. काकांनी वर्तमानपत्र उलटंपालटं करून पाहिलं. खोटं वर्तमानपत्र छापण्याइतका खटाटोप एकट्या आपल्यासाठी कुणी करणार नाही, एवढं त्यांना पटलं. तोवर तो पुढचा महिना लागून सात तारीख उजाडली होती.

फोन विकत घेण्याचा प्रसंग लेक पुढे कित्येक दिवस मैत्रिणींना साभिनय करून दाखवत होती. विक्रेत्याने बंद डबा पुढे ठेवला तर काका म्हणाले, "हा नको, मागचा द्या." मागचा दिला तर, "आता तो पहिला द्या." डब्यावरची चिकटपट्टी त्यांनी भिंगातून तपासली. विक्रेता कौतुकाने सांगायला लागला, "काका, अंगठा टेकवला की उघडतो. किल्लीच नको!"

काकांच्या तोंडावर जे उमटलं ते बघण्यासारखं होतं. "आणि मी झोपलेला असताना कुणी माझा अंगठा टेकवला तर?"

विक्रेत्याने आयुष्यात हा विचार केला नव्हता. "कोण टेकवेल काका?"

"तेच तर माहीत नाही ना," काका म्हणाले.

शेवटी फोन घेतला. चालू केला. तर तोच उलट काकांना प्रश्न विचारायला लागला. तुम्ही कुठे आहात ते बघू का? तुमचं बोलणं ऐकू का? तुमच्या ओळखीच्यांची यादी पाहू का? काकांनी एकेका प्रश्नावर ठणकावून 'नाही' दाबलं. चौथा प्रश्न आला, फोन करायची परवानगी द्याल का? त्यालाही 'नाही'. लेकीने कपाळाला हात लावला. "बाबा, तुम्ही फोनलाच फोन करायला बंदी घातलीत." विक्रेत्याने तो दुरुस्त करायला दहा मिनिटं आत नेला, तेव्हा काका काचेला नाक लावून उभे होते.

आता उरलं सिम. त्यासाठी कंपनीच्या मोठ्या दुकानात जायचं.

तिथे दार उघडलं की थंडगार हवा, दाराशी यंत्र, यंत्रातून टोकन, भिंतीवर आकडे दाखवणारा पडदा, आणि एकमेकींना जोडलेल्या खुर्च्या. 'या खुर्च्या अशा जोडून का ठेवतात? चोरीला जाऊ नयेत म्हणून. म्हणजे यांचाही गिऱ्हाइकावर विश्वास नाही,' काकांनी मनात नोंदवलं आणि त्यांना जरा बरं वाटलं. तासाभराने टोकन लागलं. काउंटरवर एक तरतरीत मुलगी होती. तिने ओळखपत्र मागितलं. काकांनी ते दोन बोटांत पकडून तिच्यासमोर धरलं.

"काका, सोडा ना जरा."

"दिसतंय ना? मग वाचा."

तिने वाचलं, कळफलक बडवला, पडद्याकडे बघितलं, परत ओळखपत्राकडे बघितलं. "काका, हा नंबर तुमच्या नावावर नाही."

काकांच्या पायाखालची वाळू सरकली. "नाही म्हणजे? बावीस वर्षं मी वापरतोय!"

"वापरत असाल. मालक दुसरे कुणी आहेत."

"कोण?"

"नाव सांगता येत नाही. नियम आहे."

"माझा नंबर कुणाच्या नावावर आहे ते मलाच सांगता येत नाही?"

"पण तो तुमचा आहे," मुलगी शांतपणे म्हणाली, "याची खात्री काय काका?"

लेकीने पटकन मान खाली घातली. काका लाल झाले. खिशातून किल्ल्यांचा जुडगा काढून त्यांनी काउंटरवर आपटला, माथ्यावरचा नंबर दाखवला. मुलीने किल्ली कौतुकाने न्याहाळली आणि परत दिली. मग काका असं काही बोलून गेले, की त्यांचं त्यांनाच नंतर खरं वाटेना. ते म्हणाले, "ही माझी मुलगी आहे. हिला विचारा हवं तर."

"नातं चालत नाही काका. मालक समोर हवा. आणि पंधरा तारखेच्या आत आणा त्यांना. नंतर नंबर बंद होईल, आणि तीन महिन्यांनी दुसऱ्या कुणाला तरी मिळेल."

बाहेर पडल्यावर लेक म्हणाली, "बाबा, तिने तुमची पाटी पाहिलेली दिसतेय." काकांना हसू आलं नाही. त्यांच्या डोळ्यांपुढे शहरातली सगळी दारं उभी राहिली होती. कुणाचीतरी किल्ली सापडेल, कुणीतरी माथ्यावर बघून फोन लावेल, आणि पलीकडे कुणीतरी भलताच माणूस म्हणेल, 'हो हो, माझीच आहे, पत्ता सांगा.' शहराच्या निम्म्या दारांची चावी आपण एका अनोळखी माणसाच्या हातात देऊन बसलोय, या विचाराने त्यांना घाम फुटला.

कुठेतरी पाणी मुरत होतं. काकांनी छडा लावायचं ठरवलं. पहिला संशय फोनच्या विक्रेत्यावर. दहा मिनिटं आत काय करत होता? ते दुकानासमोर अर्धी दुपार उभे राहिले. विक्रेता गिऱ्हाइकं करत होता आणि मधूनमधून जांभया देत होता, याहून संशयास्पद काही सापडलं नाही. दुसरा संशय बसथांब्याजवळच्या किल्लीवाल्यावर. त्याच्याकडे यंत्र होतं, दोन मिनिटांत किल्ली कापून देणारं, मालक-बिलक न विचारणारं. काका त्याच्यापुढे जाऊन उभे राहिले.

"माझा नंबर तुझ्या नावावर आहे का?"

तो बघतच राहिला. "तुमचा नंबर घेऊन मी काय करू काका? लोक मला तुमच्याइतक्याच शिव्या घालतील."

तिसरा संशय खुद्द कंपनीवर. त्याची तपासणी कशी करायची ते काकांना उमजेना.

दहा तारखेला दुपारी काका जेवण टाकून बसले होते. काकू वाळलेल्या कपड्यांच्या घड्या घालत होत्या. चादरीचं एक टोक त्यांनी काकांच्या हातात दिलं आणि म्हणाल्या, "अहो, एक विचारू? तो नंबर घेतला तेव्हा कागद कुणी दिले होते?"

"कुठले कागद?"

"तेच म्हणतेय मी. तुम्ही दिले नव्हतेत. कागद एकदा हातातून गेला की गेला, असं म्हणून तुम्ही फॉर्म फेकून आला होतात. आठवतंय का? भावजींनी दिले होते स्वतःचे."

काकांच्या हातातलं चादरीचं टोक सुटलं.

आठवलं. तेव्हा मोबाइल नवेनवे होते. दोघे भाऊ मिळून घ्यायला गेले होते. फॉर्मबरोबर ओळखपत्राची प्रत मागितली आणि काका हटून बसले. धाकटा हसला होता. म्हणाला होता, "दादा, माझे कागद लावतो. नंबर तूच वापर." आणि काकांनी त्यालाच बजावलं होतं, "उद्या काही झालं तर माझ्याकडे येऊ नकोस." म्हणजे विक्रेता नाही, बसथांब्यावाला नाही, कंपनी नाही. चोर सापडला होता आणि तो काकांच्याच चपला घालून बसला होता.

पण खरी धडकी पुढे होती. मालक म्हणजे धाकटा, आणि धाकट्याशी बोलणं बंद होऊन अकरा वर्षं झाली होती.

झालं होतं असं. आई गेली तेव्हा तिचं लोखंडी कपाट काकांकडे होतं. आठवडाभराने धाकटा आला आणि म्हणाला, "दादा, आईचं कपाट उघड ना जरा." किल्ली आईबरोबरच कुठेतरी हरवली होती. काकांना ते उघडायला दोन मिनिटं पुरली असती. पण काकांच्या मनात पाल चुकचुकली. आईच्या दोन बांगड्या, एक साखळी. एकटाच का आला हा? बहिणीला का नाही आणलं? आणि ते म्हणाले, "सगळे वारस समोर हवेत." धाकटा आधी हसला, त्याला थट्टा वाटली. मग त्याने विचारलं, "दादा, मी काय चोर आहे?" काका गप्प राहिले. नाही म्हणायला अर्धा सेकंदही लागला नसता. पण तो अर्धा सेकंद काकांनी जाऊ दिला. धाकटा जिना उतरून गेला तो गेलाच.

महिन्याने बहीण आल्यावर कपाट उघडलं. बांगड्या आणि साखळी आईने कधीच बहिणीला देऊन टाकली होती. कपाटात जुन्या साड्या होत्या आणि एक अर्धा विणलेला लहानसा स्वेटर, सुया तशाच खोचलेल्या. धाकट्याच्या मुलीसाठी आई विणत होती. तेवढाच हवा होता त्याला. तो बहिणीच्या हाती पाठवून दिला आणि काका त्याबद्दल कुणाशी एक अक्षर बोलले नाहीत. चूक कळली होती. चूक कळूनही अकरा वर्षं ते धाकट्याच्या गल्लीच्या तोंडावरून मागे फिरत आले होते, कारण माफी मागायला गेलं आणि त्याने दार लावून घेतलं तर काय, याची खात्री कोण देणार?

आणि हो, हेही सांगायलाच हवं: भांडणानंतरच्या आठवड्यात काकांनी आपल्या घराचं कुलूप बदललं होतं. धाकट्याकडे एक किल्ली होती म्हणून.

"तो मुद्दाम करणार," काका दोन दिवस हेच घोकत होते. "वाट बघतोय तो. नाक मुठीत धरून येईन म्हणून. मालकाने एक अर्ज दिला की नंबर बंद. आतापर्यंत दिला नाही म्हणजे यात काहीतरी डाव आहे."

"चोराच्या मनात चांदणं," काकू म्हणाल्या आणि दारातल्या चपला सरळ करून ठेवल्या. "जा. तेरा तारीख उजाडली."

काका गेले. धाकट्याचं घर तळमजल्यावर, पुढे थोडी मोकळी जागा, तिथे त्याची शिकाऊ वाहनचालकांची गाडी. तो गाडी चालवायला शिकवत असे. नवशिक्याच्या हातात चाक देऊन शेजारी बसायचं आणि पायाशी स्वतःचा वेगळा ब्रेक. काका घंटी वाजवायला पुढे झाले आणि त्यांचा हात तसाच राहिला.

दाराचं कुलूप त्यांनीच बसवलेलं होतं. पितळी, डाव्या बाजूला कानशीचा एक जादा ओरखडा असलेलं. सोळा वर्षांपूर्वीचं. ज्याच्याशी फाटलं त्या माणसाच्या हातचं कुलूप दारावर कोण ठेवतं? कुलूपवाल्याशी भांडण झाल्यावर पहिलं काम कुलूप बदलणं, हे कुणीही शहाणा माणूस सांगेल. धाकट्याने अकरा वर्षं बदललं नव्हतं. काकांना आपल्या दारावरचं नवं कुलूप आठवलं आणि कानाच्या पाळ्या गरम झाल्या.

दार आतूनच उघडलं. धाकट्याचे केस पांढरे झाले होते. गाडीची आणि घराची किल्ली एकाच कडीत, ती त्याच्या बोटात होती.

"पंधरा तारखेसाठी आलास ना," तो म्हणाला. "मला वाटलं दहा तारखेच्या आत येशील."

"तुला कसं माहीत?" काकांच्या तोंडून आधी हेच निघालं. अकरा वर्षांनी भावाशी बोललेलं पहिलं वाक्य.

"मलाही मेसेज आला. मालक ना मी." धाकटा हसला नाही, पण हसण्याच्या बेतात होता. "चल, दहा वाजता माझे शिकाऊ येतात. त्याआधी उरकू."

इतकं सोपं? काकांना ते मुळीच आवडलं नाही. काही अट नाही, टोमणा नाही, बस म्हणाला नाही, ये म्हणाला नाही. गाडीत ते शेजारच्या जागेवर बसले, म्हणजे नेमके त्या दुसऱ्या ब्रेकवर. पहिल्या वळणाला पुढून एक रिकामी हातगाडी आली आणि काकांनी ब्रेक दाबला. गाडी गचकन थांबली. दुसऱ्या वळणाला काहीच आलं नाही, तरी दाबला. तिसऱ्यांदा गाडी थांबली तेव्हा मागच्यांनी भोंग्यांचा गोंगाट केला.

"दादा," धाकटा समोर बघत म्हणाला, "पाय वर घे. मी चालवतोय."

काकांनी पाय आखडून घेतले. उरलेला रस्ता त्यांनी गुडघे पोटाशी घेऊन काढला.

दुकानात तीच थंड हवा, त्याच जोडलेल्या खुर्च्या. दोघे शेजारी बसले. काकांच्या तोंडात एक वाक्य तयार होत होतं. "त्या दिवशी, आईच्या कपाटाचं..." ते म्हणाले, आणि त्याच क्षणी पडद्यावर त्यांचं टोकन लागलं. धाकटा उठून चालायला लागला. ऐकलं की नाही, कळलं नाही.

मुलीने धाकट्याचं ओळखपत्र घेतलं, अंगठा यंत्रावर टेकवायला सांगितला. यंत्राने एका फटक्यात ओळखलं. ती पडद्यावर वाचत म्हणाली, "साहेब, तुम्ही गेल्या दहा वर्षांत तीन वेळा पडताळणीला येऊन गेलेले दिसता. गेल्या खेपेला तर अगदी शेवटच्या दिवशी."

"हो," धाकटा म्हणाला. "त्या दिवशी रांग होती फार."

काका पुढे झाले. "कसली पडताळणी?"

"काका, दर तीन-चार वर्षांनी मालकाला पत्र जातं. समोर येऊन अंगठा द्यावा लागतो. नाही आले तर नंबर बंद."

काकांनी धाकट्याकडे पाहिलं. तो टेबलावरच्या माहितीपत्रकांची चळत नीट करत होता, जशी ती त्याच्याच घरची असावी.

"तीन वेळा?" काका म्हणाले. "मला सांगितलं नाहीस?"

"बोलत होतास का तू?"

"चिठ्ठी पाठवायचीस."

"आणि तू काय म्हणाला असतास? धाकट्याचा काहीतरी डाव आहे." धाकट्याने आता त्यांच्याकडे पाहिलं. आवाज चढवला नाही. "आलो, अंगठा दिला, गेलो. गावभर किल्ल्यांवर तो नंबर आहे दादा. माझ्यासुद्धा." त्याने बोटातली कडी वर केली. घराच्या किल्लीच्या माथ्यावरचे आकडे झिजून गुळगुळीत झाले होते. पण काकांना ते वाचायची गरज नव्हती.

काकांना एकदम रडू आलं. ते त्यांनी चष्मा पुसण्यात घालवलं. ज्या एका माणसावर संशय घेऊन आपण अकरा वर्षं कुलूप लावून बसलो, तो शेवटच्या दिवशी रांगेत उभा राहून आपलं दुकान उघडं ठेवत होता, आणि त्याची एका अक्षराने वाच्यता नाही. आपल्याला लाज वाटतेय, हे काकांना स्पष्ट कळलं, आणि आयुष्यात बहुधा पहिल्यांदाच त्यांनी त्यावर शंका घेतली नाही.

मुलीने नवं सिम दिलं. मग एक फॉर्म पुढे सरकवला. "आता नंबर काकांच्याच नावावर करून टाका ना. म्हणजे परत मालकाला आणायची कटकट नको."

"हो, हो, करून टाका," धाकटा म्हणाला आणि सही करायची जागा विचारून मोकळा झाला. न वाचता सही! काकांना ते बघवेना.

काकांचा अंगठा यंत्रावर ठेवला. लाल दिवा. पुन्हा ठेवला, पुन्हा लाल. चाळीस वर्षं पितळ घासून अंगठ्यावरच्या रेषा पार पुसल्या गेल्या होत्या.

"यंत्राला माझी खात्री पटत नाही," काका म्हणाले.

"चेहऱ्याचा फोटो चालतो काका, पाच मिनिटांत होईल. तोवर फॉर्म वाचून घ्या."

सांगायला कशाला हवं? काकांनी भिंग काढलं. पहिल्या ओळीपासून वाचायला घेतलं. मागची रांग चुळबुळायला लागली. दुसरं पान, तळाशी, मुंगीएवढी अक्षरं, तेराव्या क्रमांकाचं कलम. तिथे भिंग थांबलं. काकांनी ते दोनदा वाचलं: 'हस्तांतरणानंतर मूळ मालकाचा या क्रमांकाशी कोणताही संबंध राहणार नाही.'

"हे असं का लिहिलंय?"

"नियमच आहे काका. सगळ्यांनाच असतं ते."

काकांनी पेन खाली ठेवलं. भिंग घडी करून खिशात टाकलं. "मग राहू दे. यांच्याच नावावर राहू दे."

"दादा, वेडा आहेस का?" धाकटा म्हणाला. "पुढच्या वेळी परत मला आणावं लागेल इथे."

"माहितीय. वाचलंय मी."

मुलीला काही उमजेना. तिला काकांचं भलंच करायचं होतं. ती पुढे वाकून हळूच म्हणाली, "काका, तुमचा सगळा धंदा आहे या नंबरवर. उद्या यांनी बंद केला तर? खात्री काय?"

"त्या दिवशी यानं विचारलं होतं मला, मी चोर आहे का म्हणून," काका म्हणाले. मुलीला सांगत होते, पण बघत होते धाकट्याकडे. "तेव्हा सांगायचं राहिलं. नाहीस रे तू."

माहितीपत्रकांची नीट केलेली चळत धाकट्याने उगाचच मोडली आणि पुन्हा लावली. मग त्याने काकांच्या हातातला नवा फोन घेतला, सिम आत घातलं आणि म्हणाला, "माझा नंबर घालून देतो यात. तुझ्याकडे नसेल."

नव्हता. फोनने लगेच विचारलं, ओळखीच्यांची यादी पाहू का? धाकटा थांबला. काकांनी आपला गुळगुळीत अंगठा पुढे करून 'हो' दाबलं.

"नाव काय लिहू?"

"मालक," काका म्हणाले.

धाकट्याने तसं लिहिलं. बाहेर येऊन दोघे गाडीत बसले, आणि या खेपेला काकांनी बसण्याआधीच पाय मागे घेतले.